वजावटीचे एक्केचाळीस दिवस

कायदा केला म्हणून समाज सुधारत नाही आणि समाज सुधारला तर कायद्याची गरज उरत नाही. त्यामुळे या दोघांना एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवून त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा अभ्यास करणं हे कुठल्याही सुसंस्कृत राष्ट्राचं कर्तव्य ठरतं. या मोकळ्या जागेला 'कायदा आणि समाज' असं म्हणतात. जागा अरुंद आहे. तिथे कायम स्वरूपाच्या खुर्च्या नऊ आणि बसू इच्छिणारे विद्वान तीनशे बारा आहेत. (नऊपैकी सात खुर्च्यांवर निवड समितीचे सदस्य बसलेले आहेत, आठवी दुरुस्तीला गेली आहे आणि नववीवरचे गृहस्थ दीर्घ रजेवर असून आपण परत येणार की नाही हे त्यांनी स्वतःलाही कळवलेलं नाही.)

मग या तीनशे बारा जणांनी तोवर उभं कुठे राहायचं? या प्रश्नातून डॉक्टरेटोत्तर संशोधन अधिछात्रवृत्तीचा जन्म झाला. बोलताना सगळे तिला फेलोशिप म्हणतात, कारण अधिछात्रवृत्ती म्हणून होईपर्यंत तिची मुदत संपते. फेलोशिप दोन वर्षांची असते. पहिलं वर्ष आधीच्या फेलोशिपमध्ये राहिलेलं काम पुरं करण्यात जातं आणि दुसरं पुढच्या फेलोशिपचे अर्ज भरण्यात. दोन्हींच्या मध्ये एक गुरुवार मोकळा सापडतो. त्या दिवशी संशोधन होतं.

ही उदार योजना फक्त 'प्रारंभिक कारकिर्दीतील' विद्वानांसाठी आहे. प्रारंभ किती काळ चालावा याबद्दल जगात मतभेद असतील, पण नियम चार (ख) मध्ये नाहीत. पीएचडी मिळाल्यापासून पाच वर्षं. पाच वर्षं आणि एक दिवस झालेला विद्वान प्रौढ समजला जातो. (मधल्या काळात कारकीर्द सुरू झालेली असावी, अशी अट मात्र कुठेही नाही. योजनेचं मोठेपण ते हेच.)

आमच्या गोष्टीतली विदुषी ही या योजनेची आदर्श लाभार्थी होती. वय छत्तीस, दोन फेलोशिप पदरात, तिसरीचा अर्ज तयार, आणि सामान दोन पेट्यांत मावेल एवढंच, कारण तिसरी पेटी घेण्याइतका काळ ती कुठल्याच गावी राहिली नव्हती. तिच्या संशोधनाचा विषय होता 'दारावरची नोटीस'. कोर्टातून समन्स निघतं, ते बेलिफ नावाचा माणूस घेऊन निघतो, आरोपीच्या किंवा प्रतिवादीच्या दारात उभा राहतो, आणि त्या दाराच्या उंबरठ्यावर कायदा आणि समाज यांची प्रत्यक्ष गाठ पडते, असा तिचा सिद्धान्त होता. त्यासाठी तिने तीन शहरांतल्या सत्तावीस बेलिफांच्या मुलाखती घेतल्या होत्या.

अठ्ठाविसावा बेलिफ तिच्या घरीच होता. तिचे वडील एकतीस वर्षं बेलिफ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले होते. पण संशोधनाच्या नीतिनियमांनुसार निकटच्या नातेवाइकाची मुलाखत घेता येत नाही. त्याने निष्पक्षतेला बाधा येते. "मला काही विचारणार आहेस का गं?" असं बाबांनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. "तुम्ही फार जवळचे आहात बाबा," असं तिने समजावून सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण विद्यापीठात पद्धतिशास्त्र या नावाने शिकवतात.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण सर्वांत गाजलं. बेलिफ दारात आला की घरातली माणसं काय सांगतात, याची त्यात शास्त्रशुद्ध वर्गवारी होती: 'आंघोळीला गेलेत', अडतीस टक्के, 'बाहेरगावी गेलेत', सत्तावीस टक्के, 'इथे राहत नाहीत' (हे खुद्द त्याच इसमाने सांगितलेलं), चौदा टक्के, 'वारले', नऊ टक्के (पैकी दोघे नंतर स्वतः बाहेर येऊन, काम काय होतं, अशी चौकशी करून गेले), आणि काही न सांगता कुत्रा सोडणारे, बारा टक्के. पहिल्या कारणाबद्दल विदुषीने लिहिलं होतं की, जो माणूस वारंवार आंघोळीला गेलेला असतो तो घरातच असतो आणि काहीतरी लपवतो. हे वाक्य सहा जणांनी आपल्या निबंधांत उद्धृत केलं. या क्षेत्रात सहा म्हणजे गर्दी समजतात.

तर तिसऱ्या फेलोशिपचं पोर्टल उघडलं आणि विदुषीने आपली पदवीची तारीख टाकली. पोर्टलने क्षणभर विचार केला आणि लाल अक्षरांत कळवलं की, अंतिम दिनांकास अर्जदाराचा प्रारंभ संपून एक्केचाळीस दिवस झालेले असतील.

तिने समन्वयकांना फोन लावला. समन्वयक हे अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ होते. नकार देण्याच्या कामावर मृदू माणसंच नेमतात.

"मॅडम, नियमाने तुम्ही आता प्रारंभिक नाही."

"मग मी काय आहे?"

"त्याला आमच्याकडे रकाना नाही हो. प्रौढ म्हणावं तर प्रौढांना कायम नोकरी लागते."

"नोकरी नाही म्हणून तर अर्ज करते आहे."

"बरोबर आहे तुमचं," समन्वयक म्हणाले. मग आवाज खाली आणून, घरच्यासारखं विचारलं, "घरी कुणी आजारी वगैरे होतं का? निकटच्या नातेवाइकाची शुश्रूषा केली असेल तर तेवढे दिवस कारकिर्दीतून वजा होतात. एक्केचाळीसच तर हवेत. बघा आठवून. देवाच्या कृपेने काहीतरी निघेल."

रविवारी सकाळी विदुषी चार तासांचा बसप्रवास करून घरी पोचली. घर दुसऱ्या मजल्यावर. दारावर घंटीच्या शेजारी नाव, मजला आणि घरी असण्याच्या वेळा सुवाच्य अक्षरांत लिहिलेल्या. आपल्यापायी कुणा बेलिफाला दोन खेपा पडू नयेत, हे बाबांचं धोरण होतं. (गेल्या दहा वर्षांत एकही बेलिफ आला नव्हता, पण वेळा ऋतूप्रमाणे बदलल्या जात.)

जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. आई, शेजारच्या इमारतीत राहणारी मावशी, आणि कोपऱ्यात हाताच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बाबा. विषय एकच: गेल्या पाच वर्षांत घरात एक्केचाळीस दिवसांचं दुखणं कुणाला झालं होतं?

संसारात पाच वर्षं नीट गेली म्हणून माणसं देवाचे आभार मानतात. पण नियम चार (ख) च्या उजेडात पाहिलं तर हे कुटुंब बेजबाबदारपणे निरोगी निघालं. आईचा मोतीबिंदू, दोन दिवस. तापाच्या तीन साथी मिळून आठ दिवस, पण तेव्हा विदुषी स्वतःच तापाने पडली होती आणि स्वतःची शुश्रूषा धरत नाहीत. मावशीने आपले पित्ताचे खडे मोठ्या मनाने पुढे केले. नऊ दिवस, शिवाय खडे बाटलीत जपून ठेवलेले, पुराव्यालाही तयार. पण परिशिष्ट दोन पाहिलं तर मावशी निकटच्या नात्यात बसत नव्हती.

"म्हणजे? लहानपणी हिचं सगळं मी केलं," मावशी दुखावून म्हणाली. "तेव्हा नव्हतं कुणी परिशिष्ट काढलं."

"अगं, तो नियम मी नाही केला."

"मग भावोजींचा खुबा घ्या की. त्यात महिना तर सहज निघेल."

आईने मावशीकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेचं वर्गीकरण अजून कुठल्याही प्रबंधात झालेलं नाही.

"कुठला खुबा?" विदुषीने विचारलं.

मग सगळं बाहेर आलं, आणि फायलींच्या पिशवीतून एक्स-रेही बाहेर आला. दोन वर्षांपूर्वी बाबा याच जिन्यावरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया होऊन आत सळई बसली. इस्पितळात अकरा दिवस, घरी अंथरुणावर तीस.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी दुसरी फेलोशिप चालली होती," आई म्हणाली. "त्या निबंधाची काय ती मुदत होती. ह्यांनीच शपथ घातली, तिला कळवायचं नाही म्हणून."

"तिने येऊन सळई थोडीच बसवली असती," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"पण मी रोज फोन करत होते."

"करत होतीस की. रोज संध्याकाळी सहाला."

"आणि तू मला सांगायचीस की बाबा..." विदुषी मध्येच थांबली.

आंघोळीला गेलेत. एक्केचाळीस संध्याकाळी, बरोबर सहा वाजता, एक निवृत्त सरकारी नोकर आंघोळीला जातो, यात तिसऱ्या प्रकरणाच्या लेखिकेला काहीही वावगं वाटलं नव्हतं. एकदा फक्त तिच्या मनात आलं होतं की, बाबांना हल्ली स्वच्छतेची फार आवड लागलेली दिसते. दिव्याखाली अंधार असतो हे खरं, पण इथे तर दिव्याला स्वतःच्या उजेडावर पदवी मिळालेली होती.

तिला रडू फुटलं. आईने पाठीवर हात ठेवला. हात ठेवलेला असतानाच विदुषीच्या डोक्यात अकरा आणि तीस यांची बेरीज झाली. तिने ती मोबाईलवर पुन्हा केली, आईने बोटांवर केली, मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर केली. तिन्ही पद्धतींनी एक्केचाळीसच येत होते. विदुषीला आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली. लाज पुरती ओसरायच्या आत तिने नमुना 'ज' उघडला.

नमुना 'ज' म्हणजे रुग्णाचं प्रमाणपत्र. अर्जदाराने सदर दिवसांत आपली शुश्रूषा केली असं रुग्णाने स्वहस्ते लिहून द्यायचं असतं. (रुग्ण दगावला असल्यास दोन प्रतींत.) मंगळवारी दुपारी पाचला पोर्टल बंद होणार होतं.

"लिहा की हो दोन ओळी," आई म्हणाली. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. इथे त्यांच्या नोकरीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. समन्स बजावताना इसम भेटला नाही, तर तसा अहवाल बेलिफाला कोर्टात द्यावा लागतो. पुष्कळ अनुभवी बेलिफ हा अहवाल कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितात. त्याने चपला कमी झिजतात आणि न्यायाचं फारसं बिघडत नाही, कारण इसम तसाही भेटणार नसतो. बाबांनी एकतीस वर्षांत असा एकही अहवाल लिहिला नव्हता. प्रत्येक मजला चढून, प्रत्येक दार वाजवून मग लिहिला. खात्यात त्यांना 'जिना' म्हणत. बढती एकदाही मिळाली नाही, पण त्यांच्या अहवालाबद्दल कुठल्याही न्यायाधीशाने कधी उलट विचारलं नाही.

"तू इथे नव्हतीस," बाबा म्हणाले.

"नव्हते. पण बाबा, तांत्रिकदृष्ट्या मला काळजी होतीच."

"खुब्याची?"

"फेलोशिपची," विदुषीने प्रामाणिकपणे सांगितलं.

"बरं, आता तरी सांग. कुठल्या बाजूचा मोडला?"

गेली दोन वर्षं ती सणावारी, सुट्टीला या घरात येत होती, बाबांना खुर्चीतून उठताना बघत होती. तिने एक्स-रेकडे नजर टाकली, पण एक्स-रे दोन्ही बाजूंनी पाहता येतो. "डावा," ती म्हणाली.

मावशी म्हणाली, "उजवा गं." आणि उठून चहा टाकायला गेली.

"विचार करतो," बाबा शेवटी म्हणाले. विदुषीला ठाऊक होतं की त्यांचा विचार म्हणजे काय. तरी आशा सुटत नव्हती, कारण हा अर्ज गेला तर पुढच्या महिन्यापासून तिच्याकडे दोन पेट्या आणि एक गाजलेलं प्रकरण एवढंच उरणार होतं. चांगल्या माणसाच्या पोटी जन्म घेण्याचे तोटे आहेत आणि त्यांची वजावट कुठेच मिळत नाही, असं तिला त्या दिवशी वाटलं.

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी तिच्या हातात बंद पाकीट दिलं. ती ते घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. स्कॅन करण्यासाठी कागद बाहेर काढला आणि काउंटरशी उभी राहून तिने तो वाचला. अक्षर टपोरं, समास सोडलेला, भाषा एकतीस वर्षांची.

'मी खाली सही करणार, निवृत्त बेलिफ, वय एकोणसत्तर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, जिन्यावरून पडून माझा उजवा खुबा मोडल्याने मी एक्केचाळीस दिवस अंथरुणास खिळून होतो. सदर काळात अर्जदार, म्हणजे माझी मुलगी, हिने माझी शुश्रूषा केली नाही. तथापि ती दररोज सायंकाळी सहा वाजता फोनद्वारे माझ्या घरी हजर झाली. दर वेळी घरातील इसमांनी मी आंघोळीला गेल्याचे खोटे सांगितले. सदर खोटे माझ्या सांगण्यावरून बोलण्यात आले. अर्जदाराने एकूण एक्केचाळीस खेपा घातल्या. मी माझ्या नोकरीत एका दारावर जास्तीत जास्त सात खेपा घातल्या आहेत. अर्जदाराची कसूर नाही. मी इस्पितळात व नंतर घरात असून भेटलो नाही, ही कसूर माझी. करिता अहवाल सादर.'

"पाठपोट करायचं का?" दुकानदाराने विचारलं. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने पंखा तिच्या बाजूला फिरवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम हातात घेतलं.

कोरा कागद काउंटरवरच होता. बाबांचं अक्षर तिला शाळेपासून काढता येत होतं. प्रगतिपुस्तकावरच्या तीन सह्या त्या कौशल्याच्याच होत्या. पन्नास मिनिटांत दोन ओळी लिहून झाल्या असत्या. तिने कोऱ्या कागदाकडे अर्धा तास पाहिलं. मग बाबांचाच कागद स्कॅन केला आणि चार वाजून बावन्न मिनिटांनी अपलोड केला. पोर्टलने हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलं. (ते सगळ्यांचं करतं.)

निवड समितीत सात सदस्य असतात. तीन कायद्याचे, तीन समाजाचे आणि एक 'आणि'चा. सदर प्रमाणपत्रावर समितीने अख्खा दिवस चर्चा केली. कायद्याचे सदस्य म्हणाले, 'शुश्रूषा केली नाही' अशी स्पष्ट कबुली आहे; एकही दिवस वजा होत नाही. समाजाचे सदस्य म्हणाले, इतका अस्सल दस्तऐवज बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. हे गृहस्थ व्याख्यानाला मोकळे आहेत का? दोन्ही बाजूंचे डोळे पाणावले होते, हे इतिवृत्तात नमूद आहे. तीन विरुद्ध तीन झाल्यावर प्रश्न 'आणि'च्या सदस्यांकडे गेला. हे अत्यंत न्यायी गृहस्थ. ते म्हणाले, फोन केला म्हणजे अंशतः शुश्रूषा झालीच. ती मोजून वजा करू. अर्जदाराकडून फोनची नोंद मागवण्यात आली. एक्केचाळीस फोन, दर फोनला सरासरी तीन मिनिटं.

निकालाचं पत्र शुक्रवारी आलं. 'आपल्या शुश्रूषेचा काळ दोन तास तीन मिनिटे ग्राह्य धरण्यात येत आहे. तो वजा जाता आपण चाळीस दिवस, एकवीस तास व सत्तावन्न मिनिटांनी अपात्र ठरत आहात. आपल्या पुढील कारकिर्दीस शुभेच्छा.' अशा रीतीने विदुषी तीनशे बारांतून वजा झाली आणि यादी तीनशे अकरांची उरली.

संध्याकाळी सहाला तिने घरी फोन केला. या वेळी बाबांनीच उचलला. तिने पत्र वाचून दाखवलं.

"सत्तावन्न मिनिटं?" बाबा म्हणाले. "म्हणजे वाचलं त्यांनी नीट."

"बाबा, माझी फेलोशिप गेली."

"माझ्यापायी गेली," बाबा म्हणाले. फोन मात्र कुणी ठेवला नाही. शेवटी तिने विचारलं की, उजवा खुबा जिना चढताना दुखतो की उतरताना. उतरताना, बाबा म्हणाले. चढायची सवय आहे. मग तिने पहिल्या समन्सबद्दल विचारलं, आणि ते सांगत गेले. आता ती विद्वान उरलेली नसल्यामुळे निष्पक्षतेला कसलीच बाधा येत नव्हती. फोन शेहेचाळीस मिनिटं चालला. अर्थात ही मिनिटं अंतिम दिनांकानंतरची असल्याने कुठेही ग्राह्य धरता येणार नाहीत.

समितीचा हिशेब निर्दयी आहे, अशी टीका पुष्कळांनी केली. टीकाकारांच्या सोयीसाठी समितीने आता त्याच हिशेबाचा तक्ता सर्वांना खुला केला आहे. त्याला पीएचडी लागत नाही. मोबाईलवर घरचा नंबर काढायचा आणि गेल्या एक्केचाळीस दिवसांतली मिनिटं मिळवायची, एवढंच. आजवर ज्यांनी ज्यांनी ती मिळवली त्यांनी टीका मागे घेतली आहे. विदुषीचे दोन तास तीन मिनिटं ओलांडणारे अवघे चार जण निघाले. आपली बेरीज बाकी आहे. ती करायला वेळ नव्हता असं मात्र समितीला सांगता येणार नाही, कारण ही गोष्ट शेवटपर्यंत वाचायला बारा मिनिटं लागतात.